चिकटवहीचं वजन

पेटी काट्यावर ठेवली: बत्तीस किलो.
दोन किलो काढायला हवेत, पास्कोल म्हणतो,
आणि बघतो चिकटवहीकडे.
मी बघते त्याच्या ड्रिल मशीनकडे.

रुवीतल्या या दोन खोल्यांत एकवीस वर्षं.
भांडी, पलंग, फ्रीज, सगळं घरमालकाचं.
आमचं म्हणावं अशी ही वही,
तीही कंपनीच्या स्टोअरातली, हिशेबाची, लांबट,
आता पाठीत मोडलेली, पोट सुटलेली.
विकतचा डिंक इथल्या उन्हात सुटतो,
म्हणून मी आईसारखी भाताची खळ करायचे.
तिच्यावर कसर येते, एवढंच.

पहिल्या पानावर निझवाच्या किल्ल्याचं तिकीट.
बुरुजावरून शत्रूच्या डोक्यावर
खजुराचा उकळता पाक ओतायचे, वाटाड्या सांगत होता,
आणि ग्लेन्सी, वय वर्षं सहा:
"मग मुंग्या नाही का यायच्या?"
तिकिटाखाली मी तेवढंच लिहिलंय.
बुरुजाची उंची लिहिलेली नाही.

डोंगराच्या धारेवर ओळीनं ती दगडी थडगी,
हजारो वर्षांपूर्वीची, आत कोणी नाही.
तिथं तिकीट नव्हतं, पहारेकरी नव्हता, बकऱ्या होत्या.
चिकटवायला काहीतरी हवं
म्हणून लबनच्या बाटलीचं झाकण चिकटवलं.

मस्कतच्या बंदरावरचे पोर्तुगिजांचे किल्ले:
फोटो खालूनच, मान वर करून काढलेला.
वसईला किल्ला म्हणजे चिंचा पाडायची जागा,
तिकडे कोण टोपी काढतंय.
इथं पास्कोलनं काढली.
म्हणाला, "आपलं आडनाव यांच्याकडूनच आलं ना गं?"
"आलं. व्हिसा मात्र तुझ्या कंपनीकडून."
हे वहीत नाही.

एका पानावर रानातल्या पांढऱ्या हरणांचं पत्रक,
लांब सरळ शिंगं, मागे रखरखीत माळ.
आम्ही गेलो तेव्हा ते अभयारण्य
जगाच्या वारशाच्या यादीत होतं.
पुढे यादीतून नाव काढलं, पेपरात आलं.
पास्कोलनं स्टोअरच्या सवयीनं
पत्रकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं: रद्द.
महिनाभरानं बघते तर त्यानंच ते खोडलेलं.
रबराचा डाग मात्र राहिलाय.

मग हे काळं पान.
रास अल जिंझ, रात्री अकरा. फोटोला बंदी.
एक कासवीण मागच्या पायांनी वाळू उपसत होती,
कुणाकडं न बघता, घाई न करता.
मी प्रसूतिगृहातली नर्स,
हातून शेकड्यांनी मुलं गेली,
इतकी गप्प बाळंतीण पाहिली नव्हती.
अंडी झाली. तिनं खड्डा बुजवला,
आणि पाण्याकडं निघाली, मागं न वळता.
त्याच जूनमध्ये ग्लेन्सीला शाळेसाठी
नायगावच्या मावशीकडं ठेवून आलो.
मी तीनदा वळून पाहिलं.
पुढची चार पानं फक्त तिकिटं आहेत,
खाली काही लिहिलेलं नाही.

पास्कोल उठला. ड्रिल मशीन
शेजारच्या बलुची पोराला देऊन आला.
परत काटा: तीस किलो, शंभर ग्रॅम.
मी वही उलटी धरून झटकली.
चिमूटभर वाळू पडली,
डोंगराची की समुद्राची, कळेना.
काटा हलला नाही.
"शंभर ग्रॅमला कोण विचारतंय," तो म्हणाला.

सोमवारी रेसिडेंट कार्डं जमा करायची.
शेवटच्या पानावर मी
फोटोचे काळे कोपरे लावून ठेवलेत,
आठ, दोन कार्डांच्या मापाचे.
खिडकीतला माणूस कार्ड परत देत नाही,
मला माहीत आहे.
खळ अजून ओली आहे.