साल

लिएन्तुर साल आणतो वर्तमानपत्रात गुंडाळून.
कानेलोची, झाड मरणार नाही इतकीच.
"विचारून घेतली," म्हणतो.
कुणाला, त्याला फॉर्मवर रकाना नाही.
सालीच्या पुडीवर साल लिहायचं,
नदीचं नाव, काठापासून किती पावलं.
मग वाळवायची, दळायची, भिजत घालायची, गाळायची,
आणि तो तिखट वासाचा जीव
चिमूटभर पिवळट भुकटी होऊन
नंबर घेऊन बसतो: एकेचाळीस.

वाल्दिव्हियात पाऊस ही बातमी नसते.
खाली मासळीबाजारात समुद्रसिंह
कोळणींवर खेकसतायत माशांच्या डोक्यांसाठी.
इथे वर मी पेशींना जेवू घालते,
सोमवारी, गुरुवारी. गुलाबी पाणी,
ताप नसलेल्या अंगाइतकं कोमट.

या पेशी एका मुलीच्या.
चार वर्षांची होती, दूरच्या देशात,
मी जन्मायच्या आधी.
पोटातली गाठ हाडांच्या मज्जेत उतरली होती,
सुईने काढलं तेवढं शिल्लक राहिलं.
बाटलीवर तिचं नाव नाही. अक्षरं, आकडे.
ती गेली. या राहिल्या,
एकीच्या दोन, दोनाच्या चार,
फक्त वयात यायचं विसरून.

शहाण्णव खळग्यांची बशी.
वीस नंबर: ढिम्म.
एकतीस: सगळ्या मेल्या,
शेजारच्या ओळीतल्या निरोगीसुद्धा.
त्याला आम्ही विष म्हणतो
आणि फडताळात परत ठेवतो.
डॉक्टर रोसामेल दारातून विचारतात, "मेल्या का?"
जेवलीस का, अशा आवाजात.
पोसायचं मी. जिवावर उठायचंही मीच.

मंगळवारी रात्री एकेचाळीस, सगळ्यात पातळ थेंब.
शुक्रवारी रात्री पाहिलं, ई-सात.
मेल्या नव्हत्या.
दुप्पटही होत नव्हत्या.
भिंगाखाली एकेकीला बारीक लांब धागा फुटलेला,
अंधारात शेजारणीचा हात चाचपावा तसा.
मज्जातंतूच व्हायचं होतं ना त्यांना मुळात;
त्या होत होत्या,
इतक्या वर्षांनी, एका बशीत.

"मेल्या का?"
"नाही," म्हटलं. "मोठ्या झाल्या."
ते आत आले, खुर्ची ओढली,
बराच वेळ भिंगावरून डोळा उचलला नाही.
"पुन्हा कर. तीनदा कर.
उंदरात होईलच असं नाही, आणि मुलांत तर..."
पुढे चष्माच पुसत बसले.

माहीत आहे मला. बशी म्हणजे मूल नव्हे.
वहीत उतरवलं: एकेचाळीस, बहात्तर तास, धाग्यांची लांबी.
शेरा या रकान्यात
'लहानाच्या मोठ्या केल्या' असं लिहून गेले,
मग खोडलं.
वाचता येतंय अजून.

सोमवारी पुन्हा गुलाबी पाणी.
लिएन्तुरला फोन: आणखी हवी, त्याच झाडाची.
तिकडून नुसता पाऊस ऐकू आला थोडा वेळ.
"त्याच झाडाची आत्ता नाही," तो म्हणाला.
"जखम भरू दे.
एक साल लागतं."