उणे अठरा

बाहेर तुर्भ्याला चाळीस,
डांबर चपलेला चिकटतंय.
आत उणे अठरा,
कोळंबीचे खोके, वाफ, पिवळा दिवा
आणि आतली कडी मोडलेलं दार.

बिरू सापडला तेव्हा
जाकीट काढून बसला होता,
भिंतीला म्हणत होता, उकडतंय.
किती वेळ? दोन तास, की जास्त?
जेवणाच्या सुट्टीत माणसं मोजतं कोण.

थरथरत नाहीये, बरं आहे, सुपरवायझर म्हणाला.
यमुना भोईर सोलायचं सोडून उठली.
थरथरत नाहीये तेच वाईट.
उचला. आडवाच. हळू, पोतं नाहीये ते.

उन्हात टाका, कुणी म्हणालं.
सावलीत, ती म्हणाली.
हात चोळतो. चोळायचे नाहीत.
गोरखने खिशातून क्वार्टर काढली,
तिने नुसतं बघितलं,
बाटली आपोआप परत गेली.

ओले कपडे पॅकिंगच्या कात्रीने कापले.
गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी,
ज्याला आम्ही अख्खा मे शिव्या घालतो,
बाटल्यांत भरून, टॉवेलात गुंडाळून
काखेत, जांघेत, छातीपाशी.
हातपाय नंतर. आधी काळीज.
हातापायांतलं गार रक्त घाईने आत आलं
तर काळीज थांबतं, ती म्हणाली,
भरतीची वेळ सांगावी तशी.

गोरख, शर्ट काढ. झोप त्याच्याजवळ.
गोण्या उचलणारा गडी लाजला,
मग झोपला.
वरून बिरूचंच घोंगडं, गावाहून आणलेलं,
इथे कशाला रे, म्हणून आम्ही हसायचो ते.

बोलत राहा, ती म्हणाली.
काय बोलणार? आम्ही एसटी विचारली.
जतला उतरलास, पुढे कुठली?
पुन्हा विचारलं. पुन्हा.
ॲम्ब्युलन्स बेलापूर रोडच्या सिग्नलला होती.
डफळापूर, म्हणाला घोंगड्याखालून कुणीतरी.

आणि दात वाजले.
काय वाजले! टाळ्या पडाव्यात तसे.
लागला कुडकुडायला, यमुना म्हणाली,
आता लागला मार्गाला.
ग्लास त्याचा त्याला धरता आला
तेव्हाच चहा, दुप्पट साखर घालून.

कडी सोमवारी बसवू, सुपरवायझर म्हणाला.
तिने दारात एक खोका आडवा सारला
आणि सोलायला बसली.

रात्री पत्र्याखाली पंखा गरम वारा ढवळत होता.
गोरख झोपेना.
छातीवर तळव्याएवढी जागा
अजून गार आहे, म्हणाला,
आणि तिच्यावर हात ठेवून पडून राहिला.