प्रागचे बूट

प्रागसाठी घेतलेले बूट
व्हिसा नाकारल्यावर चार महिने खोक्यातच होते.
रविवारी शरयूनं ते काढले, नाडी घट्ट बांधली.
"चला, बघून येऊ."
"काय?"
"बाडा."

अडतीस वर्षं मी इथून गेलोय
विजेचं बिल, मुलीची कंपासपेटी, तेलाचा डबा घेऊन,
मान खाली. खाली शेण, सालं, टमटमची चाकं.
ती मात्र ऐन मधोमध थांबली, मान वर.
"हे खांब बघा, अगदी रोम.
ती कमान अरबी वाटते. आणि त्या खिडक्या
कुठून आणल्या असतील मेल्यांनी?"
मला काय ठाऊक, मी पाणीपुरवठ्यात होतो.
म्हटलं, खांबामागचा पाइप गळतोय.

एक फेरी झाली. दुसरी झाली.
बेडईवाल्यानं विचारलं, "भाभीजी, कुछ खो गया क्या?"
ती हसली. आम्ही उभ्यानंच खाल्लं,
द्रोण छातीशी धरून,
परक्या गावात खातात तसं.

पोस्टाच्या पायरीवर तिनं बूट सोडले.
टाचेला फोड, बोराएवढा.
फुंकर घालू का म्हटलं, तर म्हणाली, लोक बघतायत.
मग पर्समधून कार्ड काढून
मांडीवर लिहिलं, आमच्याच पत्त्यावर:
"सुखरूप पोचलो. चालून चालून पाय गेले.
इथलं घड्याळ मागे आहे.
ह्यांचं सगळं लक्ष पाइपाकडे."
आणि लाल पेटीत टाकलं.

घर तिथून सात मिनिटांवर.
आज अकरावा दिवस.
दुपारी सायकलची घंटी वाजली
की ती गॅस बारीक करते.