अवांतर

महापे नाक्यावरून जुन्या खदानीकडे वळलात की
उजव्या हाताला खिडक्या नसलेली इमारत लागते.
जगभराचे आकडे म्हणे तिथे थंड हवेत ठेवतात.
तिथे आमचा थर्डमॅन उभा राहायचा.

मी सप्तरंग डायकेम, प्रयोगशाळा, टोकन चारशे सतरा.
सुट्टीच्या दिवशी गुणलेखक.
एकोणीस मोसम, दोनशे बारा सामने.
जिंकलेले किती, ते विचारू नका.
ते कुणालाही मोजता येतं.

मी राखलं ते वेगळं.
नाल्यात गेलेले चेंडू: तीनशे सहा.
पैकी निळे होऊन परत आलेले: एकशे नव्वद.
लाल झालेला एक. त्या दिवशी बॅच बदलली होती.

पद्माकर भोईर
लागोपाठ चार सामन्यांत शून्यावर बाद, एकही चेंडू न खेळता.
चारही वेळा धावबाद,
चारही वेळा समोरून "ये, ये" म्हणणारा
त्याचा सख्खा मेहुणा.
त्या वर्षी भाऊबीजेला तो बहिणीकडे गेला
आणि जेवायला थांबला नाही.

इनास परेराची हॅटट्रिक आठ महिने चालली.
मार्चच्या शेवटच्या दोन चेंडूंवर दोन बळी,
तिसरा नोव्हेंबरच्या पहिल्या चेंडूवर.
मधे संप झाला, बोनस बुडाला,
त्याला मुलगी झाली, ती पालथी पडायला लागली.
संघटना म्हणाली, असं धरत नाहीत.
माझी वही धरते.

आणि शिवलिंग कोळेकर, नव्व्याण्णववर,
हातात अजून सहा षटकं,
तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा.
चालता चालता पॅड सोडत तो बॉयलरकडे गेला.
त्या दिवशी दोन वह्यांत त्याचं नाव आहे:
माझ्या वहीत नाबाद,
मस्टरवर हजर.

आकडा खोटं बोलत नाही म्हणतात.
एकदा बोललाय, माझ्या हातून.
हसुराम म्हात्रेचं एकुलतं एक शतक, बरोब्बर शंभर:
शेवटची धाव पायाला लागून गेली होती.
पंचांनी गुडघ्यावर थोपटलेलं मी स्वच्छ पाहिलं.
पण हसुराम बॅट वर करून
घणसोलीहून टेम्पोतून आलेल्या सगळ्या आळीकडे बघत होता,
आणि त्याची आई, जिला यातलं काही कळत नव्हतं,
खुर्चीवर चढली होती.
माझी पेन्सिल अवांतरच्या रकान्यापाशी गेली
आणि परत आली.

कंपनी बंद झाली तेव्हा
लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले,
कुणीतरी भोंगासुद्धा नेला.
मी वह्या आणल्या, कोपरखैरणेत पलंगाखाली ठेवल्या.
बायको दर गुढीपाडव्याला विचारते, काढू का?

मागच्या महिन्यात एक मुलगा आला.
गणपत शेलारचा. चाळिशीचा असेल, पण मुलगाच तो.
बाबा गेले म्हणाला. कंपनीकडून खेळायचे,
सांगायचे नेहमी.
काही सापडेल का त्यांचं?

मला पान उघडायची गरज नव्हती.
शेलार: एक सामना.
फलंदाजी आली नाही, गोलंदाजी मिळाली नाही,
झेल नाही, फेक नाही.
पस्तीस षटकं थर्डमॅनला उभा,
दोनशे दहा चेंडूंपैकी
एकही त्याच्याकडे गेला नाही.
अख्ख्या एकोणीस मोसमांत असं दुसऱ्या कुणाचं झालेलं नाही.

पेन्सिल खिशातच होती.
त्या सामन्यात एक झेल आहे,
ज्याच्यापुढे घेणाऱ्याचं नाव लिहायचं राहून गेलंय.
खरंच राहिलंय.

मी चहा सांगितला.
मग पान त्याच्यापुढे सरकवलं, ओळीवर बोट ठेवलं
आणि म्हणालो,
हे बघ, तुझ्या वडिलांच्या बाजूने
त्या दिवशी एकही धाव गेली नाही.

तो बराच वेळ बघत होता त्या रिकाम्या ओळीकडे.
मग मोबाईल काढून त्याने फोटो घेतला,
हात हलला म्हणून पुन्हा घेतला.
मी विचारलं, हा राहतो कुठे रे, फोनमध्येच?
नाही काका, म्हणाला, वर जातो कुठेतरी,
हरवत नाही.

चहा निवला होता.
तो तसाच प्यायला.