अकरावा

गावात रेंज फक्त शाळेच्या व्हरांड्यात.
म्हणून मेच्या दुपारी मी इथे बसते,
मांडीवर लॅपटॉप, पाठीला पाढ्यांची भिंत,
सतराचा पाढा पोपडे होऊन गळलेला.
तिकडे, जिथे आत्ता कुठे सकाळ झाली,
एका लांब नळीतून बेरिलियमची केंद्रकं येतात
प्रकाशाच्या निम्म्या वेगाने,
कार्बनच्या पातळ पत्र्यावर.
चौदा सेकंदांत त्यांतली निम्मी मरतात.
तेवढ्यात मायची चूलही धूर धरत नाही.

चार प्रोटॉन, सात न्यूट्रॉन.
दहा जण दाटीवाटीने.
अकरावा लांब,
नाल्यापल्याडच्या डोमाजी वलथऱ्यासारखा:
मतदार यादीत गावचा,
दिवा मात्र धानाच्या बांध्या ओलांडून.

हेमराज धुळीत रिंगण आखतो, कंचे ओततो.
"आते, तू तिथं का करतस?"
हेच. नेम धरून एकाला उडवतो.
"मंग त्याले पकडता?"
नाही रे. तो जातो. उरलेल्या दहांना पकडतो.
हे त्याला साफ नामंजूर.
उडाला तो आपला,
उरलेले कोण मोजतं?

मी त्याच्या हातातला मोठा कंचा घेते.
मधल्यावर मारते: अख्खं रिंगण फुटतं,
एक पार हापशीपर्यंत.
पुन्हा मांडतो. आता कडेच्या एकट्यावर.
तो जातो,
आणि बाकीचे जागचे हलत नाहीत.
बघ, कोण कुठे राहत होता
हे त्याला विचारायचं नसतं.
मागच्यांना किती धक्का बसला, तेवढं मोजायचं.

(हे पुरतं खरं नाही.
कंचा एका जागी असतो.
अकरावा एका जागी नसतोच,
तलावावरच्या धुक्यागत असतो,
आणि धुकं जितकं विरळ, जितकं लांबवर,
तितका त्याचा धक्का नेमका, लहान.
हे मी हेमराजला सांगत नाही.
मलाही ते रात्री दोननंतरच कळतं.)

साडेतीनला आलेख उतरतो, थांबत थांबत.
उरलेल्या दहांच्या वेगाची रेघ:
उंच, अरुंद,
बांधावरच्या सिंदीसारखी.
पुस्तकातल्या रांगेत सातव्या न्यूट्रॉनची
खोली दुसरी होती.
तो तिथे नाही.
कुणी हाकललं नाही त्याला,
वरची खोलीच खाली उतरून आली होती.

डोमाजी जानेवारीत गेला, लेकीकडे, सिहोऱ्याला.
गाव हललं नाही.
राशनच्या रांगेत एक माणूस कमी,
इतकंच.
मी हे लिहून ठेवलं असतं: अरुंद रेघ, सैल बंध.

पण शंभरांत काही वेळा
मागे राहिलेलं केंद्रक थरथरतं
आणि एक गॅमा किरण सोडून मग शांत होतं.
आमचे शोधक त्यासाठीच गोल मांडून बसवलेले,
आठवडाभर, त्या थोडक्यांसाठी.

मंगळवारी माय अजून
मासळीची टोपली धुऊन ओट्यावर पालथी घालते.
विचारलं तर म्हणते,
"वारा लागू दे तिले."

हेमराज कंचे मोजतो. दहा.
पुन्हा मोजतो.
मग हापशीकडे जातो,
गुडघ्यावर बसून
चिखलात बोटं घालतो.