काठावर पास

परिपत्रक आलं तेव्हा भरती होती.
झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावरल्या प्रत्येक शाळेत
निदान एका शिक्षकाला पोहता यावं.
फाकी सरांनी चष्म्यावरून पाहिलं,
सगळे खिडकीबाहेर बघू लागले.
मी वह्या तपासत होते,
म्हणून माझं नाव गेलं.

सत्तेचाळीस वर्षं मी या काठावर आहे.
लहानपणी ओहोटीत, आईबरोबर,
समुद्रशेवाळाच्या दोऱ्या खुंटांना बांधल्या.
खुंट मोजता मोजता बेरीज आली.
पाणी गुडघ्यावर चढलं की आई म्हणायची, चल.
समुद्र आमचाच होता,
गुडघ्यापर्यंत.

शिकवायला आली सुबिरा, एकोणीस वर्षांची.
सहावीत भूमितीला
मीच तिला काठावर पास केलं होतं.
ती हे विसरली असेल
असं मी धरून चालले.

तिने माझ्या पोटाशी तेलाचा पिवळा कॅन बांधला.
म्हणाली, आडव्या व्हा.
आधी नियम सांग, मी म्हटलं.
नियम नाही, म्वालिमु. आडव्या व्हा.

कान पाण्यात गेले आणि गाव गेलं.
बांग, कोंबडे, सायकलची घंटा, सगळं.
उरला माझाच श्वास,
फळ्यावर उलटा धरलेल्या खडूसारखा.
मी तिचा दंड धरला, नखं रुतेपर्यंत.
नाकात मीठ, ओला रुमाल गळ्याशी,
आणि सव्वीस वर्षांची नोकरी
कुठेच पायाला लागेना.

दहा हातांवर, बापाच्या होडीत,
करवंटीने पाणी उपसत माकामे बसला होता.
सातवी, शेवटचा बाक.
एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश
बरोबर दोन पंचमांश.
तीन वर्षं तेच उत्तर.
भर वर्गात मी म्हणाले होते,
एखाद्या नारळाला शिकवलं असतं
तर नारळ पास झाला असता.
वर्ग हसला होता.
मीही, थोडी.

तो हसला नाही.
करवंटी खाली ठेवून म्हणाला,
पाण्याला पाठ द्या, म्वालिमु.
घेतं ते.

पाठ.
इतकी वर्षं पाठ दिले, पाठ घेतले,
छडीच्या धाकाने पाठ करून घेतले.
ही एक पाठ
कुणाच्या हवाली केली नव्हती.

मग एका गुरुवारी आभाळ दिसलं.
म्हणजे रोजच दिसायचं,
पण त्या दिवशी ते माझ्याकडे बघत नव्हतं.
हात काढलास का गं, मी ओरडले.
परवाच काढला, सुबिरा म्हणाली.
सांगितलं असतं तर बुडाला असता.

परीक्षा झाली, होडीपासून खुंटापर्यंत.
शेवटच्या चार हातांत पाणी प्यायले,
कसाबसा खुंट धरला,
कदाचित आईनेच रोवलेला.
सुबिराने वहीत काही लिहिलं
आणि मान वर न करता म्हणाली,
काठावर पास.
विसरली नव्हती पोरगी.

सोमवारी माकामेला फळ्याशी बोलावलं.
त्याने लिहिलं, दोन पंचमांश.
वर्गाने हसण्यासाठी श्वास घेतला.
मी वळून पाहिलं, तो त्यांनी गिळला.
माझा तळहात त्याच्या पाठीमागे होता,
न टेकता,
मलाच उशिरा कळलं.

काही बोलले नाही.
जिभेवर आलं होतं, खोटं कशाला सांगू.
तो बघत राहिला आकड्यांकडे,
जसा बाप बघतो वाऱ्याकडे
होडी लोटण्याआधी.
मग हळूच म्हणाला,
पण हे तर अर्ध्याहून कमी आहे.
अर्धं तर माझ्याकडे आधीच होतं.

बाहीने पुसलं.
पुन्हा लिहिलं. पुन्हा चुकलं.
घंटा झाली, बाकीचे पळाले,
मीही दारापर्यंत पोहोचले होते.
थांबा, म्वालिमु,
तो म्हणाला, पाठमोराच,
खडू बोटांत तसाच.

मी परत आले
आणि शेवटच्या बाकावर बसले.
गुडघे बाकाला लागत होते.