अडकित्त्यासह

गुरुवारी कपेलाच्या सोप्यात वजनकाटा टांगायचा,
फेस्ताला पताकांची दोरी बांधतात त्याच कडीला.
सिस्टर इर्मेलिंदा आकडा सांगायची, मी लिहायचो.
अक्षर बरं, म्हणून मला बोलावलं होतं,
रिवणच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तराला.
घरी विचारलं गेलं, बाटवणार तर नाहीत ना?
म्हटलं, बाटली तर वही बाटेल.

वहीवर खनिजाची तांबडी धूळ बसायची.
ट्रक गेला की सगळे आकडे
एकाच रंगाचे.

हुलिगव्वा कोप्पळकडची. खाणीवरच्या झोपड्यांतली.
तिची शिवलीला तीन गुरुवार
पाच किलो नऊशेवर अडून बसलेली.
चौथ्या गुरुवारी काटा सव्वासहावर गेला
आणि हुलिगव्वानं पहिल्यांदा
आमच्याकडे मान वर करून पाहिलं.

सिस्टरनं झोळीत हात घातला.
फडक्याच्या घडीतून निघाला
पितळी अडकित्ता.

मी टाक उचलून थांबलो.
सोप्यात चाळीस बाया, कुणी खोकेना.
सिस्टर पोरीलाच म्हणाली,
"काय गं बाय, दात यायच्या आधीच सुपारी?"
हसू आधी मागच्या रांगेत फुटलं,
मग हुलिगव्वाच्या डोळ्यांत पाणी,
मग तीही हसली.
मला सांगितलं, मास्तर, लिहा:
सहा किलो दोनशे पन्नास, अडकित्त्यासह.

तसंच लिहिलं. अजून तसंच आहे.

त्यानंतर ती लवकर यायची.
पेजेचा वाडगा पोरीच्या तोंडाला लावून
काट्याखाली उभी राहायची, तबकडीकडे बघत.
अक्षर तिला एक येत नव्हतं.
पण एकदा मी सात लिहिले आणि ती म्हणाली,
"सात नव्हं मास्तर. सहा आणि आठ रेघा.
अडकित्ता घरी हाय."

शनिवारच्या रात्रशाळेत तिला घातलं ते असं.
सिस्टरनं पाद्र व्हिगाराकडून दोन पाट्या मागून आणल्या,
तिसरी माझी, पोटमाळ्यावरची.
हुलिगव्वा 'अ' शिकली ती 'अडकित्ता'चा.
अननस तिनं नको म्हटला.

मग खाणी बंद झाल्या.
झोपड्या कुठल्या तरी बुधवारी उठल्या,
कुणाला सांगून उठतात?
गुरुवारी आम्ही काटा टांगला.
मी तारीख घातली.
संध्याकाळची घंटा झाली तरी
पान तारखेच्या खाली कोरंच.
सिस्टर उरलेली पेज कुत्र्यांना घालत होती, एकेक डाव.

पुढच्या वर्षी तिची बदली झाली, लांब कुठं तरी.
जाताना वही मला दिली.
म्हणाली, तुमचंच अक्षर, तुम्हीच ठेवा.

परवा वाळवी लागली म्हणून उन्हात पसरली
तर पाठीमागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं,
माझ्या नव्हे अशा हातानं,
वाकडं, खूप दाबून लिहिलेलं:
शिवलीला ७

पुढे रेघा नव्हत्या. पुरे सात.
केव्हा तोललं, कुणी तोललं,
काट्यावर की नुसतं कडेवर,
माहीत नाही.

मी वर तारीख घातली नाही.